घरच्या बिअरसाठी मिनी केग: बाटल्या धुवून वैतागलेल्यांसाठी

घरी बिअर करणं तसं सोपं आहे हो, बाटल्या भरणं हा खरा छळ आहे. पाच गॅलनची एक बॅच म्हणजे पन्नासच्या आसपास बाटल्या, प्रत्येक धुवायची, सॅनिटाइझ करायची, साखर, झाकण, आणि मग दोन आठवडे कपाटात ठेवून एखादी फुटतेय का याची धाकधूक. मी न्यू जर्सीत टाउनहाउसमध्ये राहतो, किचन छोटं, फ्रीज एकच आणि त्यातला अर्धा दही, डोशाचं पीठ आणि पालेभाज्यांनी भरलेला. मोठी केग, म्हणजे टॅप लावलेलं बिअरचं पिंप, आणि वेगळा फ्रीज ठेवायला गॅरेज नाही. म्हणून मिनी केगकडे वळलो आणि पहिल्या तीन वेळा शक्य त्या सगळ्या चुका केल्या. तुम्ही निदान वेगळ्या चुका कराव्यात म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण खालचं जवळपास सगळं तिच्याभोवतीच फिरतं. मिनी केगमध्ये गॅस (सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, जो बिअरला फेस आणतो आणि तिला टॅपमधून बाहेर ढकलतो) फार थोडा असतो. मोठ्या सेटअपवाल्यांकडे पाच पाउंडाचा सिलेंडर असतो, म्हणजे सव्वादोन किलोच्या वर गॅस. आपल्याकडे बोटाएवढं कार्ट्रिज, त्यात १६ ग्रॅम. त्यांचं कुठेतरी बारीक गळत असलं तरी दिवस निघतात, आपलं गळलं तर सकाळपर्यंत खेळ खलास.

१. आधी कायदा

अमेरिकेत घरगुती बिअर फेडरल पातळीवर १९७८ च्या कायद्याने मोकळी झाली, घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन. २०१३ नंतर सगळ्याच राज्यांत परवानगी आहे, बारीकसारीक नियम मात्र राज्याप्रमाणे बदलतात, ते आपापले बघा. विकायची नाही. शेजाऱ्याने कितीही कौतुकाने पाच डॉलर पुढे केले तरी नाही. वय २१ हे वेगळं सांगायला नको.

आणि भारतातल्या वाचकांसाठी, विशेषतः पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी, जे मला दर महिन्याला मेसेज करतात: महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली लायसन्सशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे. मायक्रोब्रुअरीत बसून प्या, हा लेख करमणूक म्हणून वाचा. आणि इकडून जाताना बॅगेत सीओटूची कार्ट्रिजं टाकून नेऊ नका, प्रेशरचा गॅस आहे तो, विमानात चालत नाही.

२. मिनी केग म्हणजे नक्की काय, आणि कुणी घेऊ नये

बाजारात दोन जाती दिसतात. एक जर्मन पद्धतीचा पाच लिटरचा पत्र्याचा डबा, वर रबरी बूच. पार्टीसाठी छान, पण आतलं कोटिंग खरवडलं की गंजतो आणि गॅस जास्त झाला की तळ नि टोप फुगून डबा ढोलकं होतो. दुसरी जात स्टेनलेस स्टीलची, एक गॅलन म्हणजे ३.८ लिटर, वर स्क्रूचं झाकण, झाकणातच टॅप, गॅसचं प्रेशर कमी-जास्त करायचा छोटा रेग्युलेटर आणि आत तळापर्यंत जाणारी नळी. मी या दुसरीबद्दल बोलतोय. थोडी महाग, पण नीट ठेवली तर कुकरसारखी वर्षानुवर्षं टिकते.

कुणी घेऊ नये? जो दर वेळी पाच गॅलन करतो, ज्याच्याकडे गॅरेजमध्ये जुना फ्रीज पडलाय आणि दर शनिवारी घरी पंधरा माणसं असतात, त्याने सरळ पाच गॅलनची कॉर्नी केग घ्यावी. ती मुळात सोडा-कोल्ड्रिंकवाल्यांसाठी बनलेली, सेकंडहँडसुद्धा मिळते. मिनी केग आहे ती एक गॅलनची बॅच करणाऱ्यांसाठी, किंवा माझ्यासारख्यांसाठी जे पाच गॅलनमधली एक गॅलन केगमध्ये टाकतात आणि उरलेल्या चाळीसेक बाटल्या नाइलाजाने भरतात. छळ कमी होतो, संपत नाही.

३. सामान

- एक गॅलनची स्टेनलेस केग. दुहेरी भिंतीची गार राहते पण जड आणि जाड असते. घ्यायच्या आधी फ्रीजच्या कप्प्याची उंची मोजा, टॅप आणि रेग्युलेटर धरून. मी नुसत्या केगची मोजली होती, मग एक काच काढून ठेवावी लागली, ती अजून कपाटामागे उभी आहे.
- झाकण, त्यात टॅप, डायलवाला रेग्युलेटर आणि ओढायची रिंग असलेला प्रेशर सोडायचा व्हॉल्व. ठरलेलं एकच प्रेशर देणारा रेग्युलेटर घेऊ नका, नंतर हात चोळत बसाल.
- १६ ग्रॅमची, आटेवाली, फूड ग्रेड सीओटू कार्ट्रिजं. निदान सहा.
- सायफन (बिअर एका भांड्यातून दुसऱ्यात उतरवायला) आणि केगच्या तळापर्यंत पोचेल एवढी नळी.
- क्लीनर (पीबीडब्ल्यू किंवा बिनवासाचं ऑक्सिक्लीन) आणि सॅनिटायझर (स्टार सॅन किंवा तसलंच ॲसिडवालं).
- स्प्रे बाटली, फूड ग्रेड सिलिकॉन ग्रीस, जास्तीच्या ओ-रिंगा (गळती थांबवणाऱ्या गोल रबरी रिंगा).
- हायड्रोमीटर (बिअरमध्ये किती साखर उरलीय ते कळायला) आणि किचनमधला वजनकाटा. वजनकाट्याचं काय काम ते पुढे येईल.

कार्ट्रिजवर दोन शब्द जास्त, कारण इथे लोक हमखास फसतात. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरायची १६ ग्रॅमची कार्ट्रिजं दिसायला तशीच, आटे तेच, रेग्युलेटरला व्यवस्थित बसतात आणि स्वस्त मिळतात. ती खाण्यापिण्यासाठी साफ केलेली नसतात, आत मशीनचं तेल असू शकतं. छऱ्याच्या बंदुकीची १२ ग्रॅमची तर नकोच नको. तेलाचा एक थेंब गेला तरी फेस मरतो आणि चव अशी येते की गॅरेजमध्ये उभं राहून पितोय. व्हिप्ड क्रीमची ८ ग्रॅमची जी असतात त्यात वेगळाच गॅस असतो, नायट्रस, तीही नाहीत.

४. धुणं, मग सॅनिटाइझ, ही दोन कामं वेगळी आहेत

नवी केग आली की आतून बोट फिरवून बघा, काळपट येतं, कारखान्यातलं तेल असतं ते. गरम पाण्यात क्लीनर घालून अर्धा तास भरून ठेवा, मग खळखळून धुवा. झाकणाचे भाग सुटे करा: टॅप, आतली नळी, रिंगा. प्रत्येक रिंग कुठून काढली त्याचा फोनवर फोटो काढा. हसू नका, चार सारख्या दिसणाऱ्या काळ्या रिंगा ओट्यावर पडल्या की कळतं.

ब्लीच वापरू नका. क्लोरीनने स्टेनलेस स्टीललासुद्धा बारीक खड्डे पडतात आणि त्यात जंतू घर करतात. तारेचा काथ्याही नाही.

सॅनिटायझर लिटरला दीड मिलीच्या हिशोबाने पाण्यात घाला, म्हणजे केगभर पाण्याला साधारण सहा मिली. केग काठोकाठ भरा, झाकण लावा, टॅपमधूनही थोडं जाऊ द्या, एक-दोन मिनिटं ठेवा. फेस खूप होतो, तो धुवायचा नाही. आपल्या हाताला सवय असते की फेस दिसला की नळाखाली धरायचं, मी पहिल्या वेळी अगदी मनोभावे धुतलं आणि केलेल्या कामावर पाणी सोडलं. त्या फेसाने काही होत नाही, राहू द्या.

५. बिअरच्या आधी पाणी

ही पायरी सगळे गाळतात आणि हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. केगमध्ये साधं पाणी भरा, झाकण लावा, गॅस द्या, आणि रात्रभर ठेवा.

कार्ट्रिज लावायचा क्रम असा. रेग्युलेटरचा डायल आधी शून्यावर, म्हणजे पूर्ण सैल. मग कार्ट्रिज आट्यात धरून फिरवायला लागा, सुई टोचेपर्यंत हळू आणि टोचल्याबरोबर अर्धा सेकंद फिस्स झालं की न घाबरता पटपट घट्ट करा. इथे घाबरून उलटं फिरवणारे असतात, मग सगळा गॅस तोंडावर आणि हाताला बर्फ. एकदा टोचलेलं कार्ट्रिज रिकामं होईपर्यंत काढायचं नाही. केग उभीच ठेवा, आडवी केली तर कार्ट्रिजमधला द्रव रेग्युलेटरमध्ये येतो.

आता डायल १० पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे प्रेशरचं माप) आणा आणि साबणाचं पाणी स्प्रे करा: झाकणाच्या कडेला, रेग्युलेटरच्या बुडाला, टॅपच्या मुळाशी, कार्ट्रिजच्या आट्याशी. गॅसवाला सिलेंडर देऊन गेला की आई साबणाचं बोट लावून बघायची ना, अगदी तेच. बुडबुडा वाढताना दिसला की तिथे गळती. बहुतेक वेळा रिंग कोरडी असते, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवला की काम होतं. कुकरची रिंग वाकडी बसली की शिट्टी होत नाही आणि बाजूने वाफ जाते, तसंच झाकणाचं आहे, जोर लावून घट्ट करण्यापेक्षा काढून परत सरळ बसवा.

सकाळी प्रेशर आहे तेवढंच असेल तर पुढे जा. थंडीमुळे किंचित कमी दिसलं तर चालेल, शून्य दिसलं तर नाही.

६. बिअर केगमध्ये उतरवणं

आधी बिअर खरंच झालीय का बघा. आंबायच्या भांड्याच्या तोंडावर गॅस बाहेर सोडणारा एअरलॉक असतो, त्याचे बुडबुडे थांबले हा पुरावा नाही. हायड्रोमीटरचं रीडिंग दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा घ्या, तेच आलं तर झाली. घाटात पाट्या असतात ना, "अति घाई संकटात नेई", ती इथे फर्मेंटरवर, म्हणजे बिअर आंबते त्या भांड्यावर, चिकटवा.

मग फर्मेंटर एक-दोन दिवस फ्रीजमध्ये, गाळ खाली बसतो. मिनी केगची नळी बारीक असते आणि अगदी तळाला टेकते, गाळ गेला की पहिला तोच येतो आणि हॉप्सचा (बिअरला कडवटपणा नि वास देणाऱ्या फुलांचा) पाला गेला तर नळीच तुंबते. सायफनचं टोक गाळाच्या वर धरा आणि शेवटचा ग्लासभर सोडून द्या. त्या ग्लासभरासाठी सायफन वाकडा करणारा मी एकटा नसेन, पण नका करू.

भरताना शत्रू आहे ऑक्सिजन. आंबायच्या आधी हवा चालते, आंबल्यावर नाही. नळी केगच्या तळाशी, बिअर खालून वर शांतपणे चढली पाहिजे, धबधबा नको. माझी पहिली हेझी आयपीए (भरपूर हॉप्सची गढूळ बिअर) भरताना मी नळी वरच धरली होती, चहा ओततात तशी, आणि आठवड्याने संत्र्याच्या रंगाची बिअर चिखलासारखी तपकिरी झाली, वास ओल्या पुठ्ठ्याचा.

जमलं तर आणखी एक करा. सॅनिटायझरने भरलेली केग थोडा गॅस देऊन टॅपमधून रिकामी करा, आत हवेऐवजी सीओटूच राहतो. यात अर्ध्याहून जास्त कार्ट्रिज जातं. स्टाउट (काळी बिअर) किंवा गव्हाच्या बिअरला मी हे करत नाही, हॉप्सवाल्या बिअरला करतो.

गळ्यापर्यंत भरा पण काठोकाठ नाही, दोन-तीन बोटं जागा सोडा. झाकण लावा, १० ते १५ पीएसआय द्या, व्हॉल्वची रिंग ओढून सोडा, परत द्या, परत सोडा, असं तीन-चार वेळा. वरची हवा निघून जाते. जागा कमी सोडली असेल तर यात गॅस फारसा जात नाही, अर्धी केग भरून हे करत बसलात तर कार्ट्रिज इथेच संपतं.

आणि हो, वजनकाटा. केग रिकामी, झाकण आणि रेग्युलेटरसकट किती ग्रॅम, ते टेपवर लिहून बुडाला चिकटवा. बिअरचं वजन लिटरला एक किलोच्या आसपास. पुढे किती उरलीय हे बघायला केग हलवून कान लावायची गरज नाही, आणि पाहुणे यायच्या आधी कळतं.

७. फेस आणायचा कसा, म्हणजे बिअरमध्ये गॅस मुरवायचा कसा, दोन रस्ते

पहिला रस्ता साखरेचा. दही विरजायला ठेवतो तसं, काम यीस्टच करतं, साखर खाऊन गॅस सोडतं. लिटरला साधारण ५ ग्रॅम साखर, म्हणजे भरलेल्या केगला १८-१९ ग्रॅम, थोड्या पाण्यात उकळून, गार करून आधी केगमध्ये ओता आणि वरून बिअर. झाकण लावल्यावर थोडा गॅस देऊन रिंगा बसवून घ्या, डायल शून्यावर, टॅप बंद, आणि दोन आठवडे घरातल्या तापमानाला, २० सेल्सियसच्या आसपास. मग दोन दिवस फ्रीज. फायदा: कार्ट्रिज वाचतं आणि यीस्ट थोडा उरलेला ऑक्सिजनही खातं. तोटा: तळाला गाळ येतो, पहिला पाऊण ग्लास ओतून द्यायचा. साखर चमच्याने अंदाजे घालू नका, वजन करा. केग फुटायची नाही कदाचित, पण बिअर नळातून फवाऱ्यासारखी येईल.

दुसरा रस्ता गॅसचा. केग फ्रीजमध्ये पूर्ण गार होऊ द्या, मग ३८ फॅरनहाइटला, म्हणजे साडेतीन सेल्सियसच्या आत-बाहेर, ११-१२ पीएसआय लावून आठवडाभर ठेवा. यात बिअरच्या आकारमानाच्या अडीच पट सीओटू विरघळतो, नेहमीच्या एलला (बिअरचीच एक जात) बरोब्बर. तापमान महत्त्वाचं, गार बिअर गॅस पितं, कोमट बिअर ढुंकून बघत नाही. घाई असेल तर ३० पीएसआयवर एक दिवस ठेवून मग खाली आणतात, पण आधी आपल्या केगवर आणि रेग्युलेटरवर कमाल किती लिहिलंय ते वाचा.

आता कार्ट्रिजचा हिशोब, हा मला कुणी आधी सांगायला हवा होता. बिअरमध्ये आंबतानाचा थोडा गॅस असतोच, तो वजा केला तर पूर्ण केगला अडीच पटीपर्यंत न्यायला १२-१३ ग्रॅम लागतो. नंतर बिअर कमी होत जाते आणि तेवढी जागा गॅसने भरावी लागते, १२ पीएसआयवर पूर्ण केग रिकामी करायला आणखी १३ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे गळती शून्य धरून एका केगला दोन कार्ट्रिजं. साखरेच्या रस्त्याने एकात भागतं. पाकिटावर "एका कार्ट्रिजमध्ये पूर्ण केग" वाचून मी एकच घेऊन मित्राकडे बार्बेक्यूला गेलो होतो, अर्ध्यात टॅप मेला आणि शेवटी झाकण उघडून पातेल्यात ओतून डावाने वाढली. चव चांगली होती हो, पण बिअर डावाने!

हा नाद लागलाच तर पेंटबॉलची २४ औंसांची टाकी आणि तिचा ॲडॅप्टर बघा. ६८० ग्रॅम, म्हणजे बेचाळीस कार्ट्रिजं एका टाकीत. फक्त भरून घेताना ती पेयासाठी आहे हे सांगा आणि नवी टाकीच घ्या, दुसऱ्याची खेळून झालेली नको.

८. फ्रीजमध्ये ठेवणं, आणि मेथीची गोष्ट

फेस आला की डायल शून्यावर आणा. रेग्युलेटर निघणारा असेल तर काढूनच ठेवा. आतलं प्रेशर आत राहतं, तीन-चार दिवसांनी एकदा थोडा गॅस दिला की पुरे. डायल चालू ठेवून विसरलात तर एका बारीक गळतीत सगळं जातं.

आणि टॅपला लॉक असेल तर लावा. नसेल तर हँडल काढून ठेवा. हे ठळक अक्षरात लिहायला पाहिजे खरं तर.

आई साताऱ्याहून आली होती, पहिलाच महिना. माझी केग खालच्या कप्प्यात, टॅप समोर, डायल १२ वर, कारण मला वाटलं असू दे. रात्री दह्याचं पातेलं आत सरकवताना हँडल थोडंसं दाबलं गेलं. अगदी थोडंसं. सकाळी सहाला आईची हाक, "अरे, फ्रीजात ताक सांडलंय का रे? पण वास कसला येतोय?" खाली भाजीच्या ड्रॉवरमध्ये तीन लिटर पेल एल आणि त्यात दोन जुड्या मेथी, कोथिंबीर आणि आल्याचा तुकडा निवांत पोहत होता. बायको काही बोलली नाही, नुसतं फडकं हातात दिलं. आईने मेथी धुऊन वाळत घातली, दोनदा धुतली, तीनदा धुतली, आणि मग तिनेच ती कचऱ्यात टाकली. पुढचा आठवडाभर फोनवर सगळ्या नातेवाइकांना सांगत होती की इकडचे फ्रीज गळतात.

जागेचंही बघा. फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकवू नका, तिथे गोठवणारी थंडी असते, नळीत बर्फाचे कण धरतात आणि मग बिअर येत नाही किंवा नुसता फेस येतो. दारातही नको, दर वेळी हलते. मधला कप्पा, भिंतीपासून चार बोटं लांब.

टिकते किती? गार आणि प्रेशरखाली असेल तर साध्या एलला महिना-दीड महिना काही होत नाही, स्टाउट त्याहून जास्त. हॉप्सवाली हेझी तीन आठवड्यांत संपवा, नंतर पिण्यालायक असते पण जिच्यासाठी केली तो वास गेलेला असतो.

९. ओतणं

ओतायच्या आधी प्रेशर कमी करा. डायल शून्य, व्हॉल्वची रिंग ओढून वरचं प्रेशर सोडा, मग ३ ते ५ पीएसआय द्या. पबमध्ये टॅपपर्यंत लांब नळी असते, तिच्यात प्रेशर खर्च होतं. आपला टॅप झाकणातच, बाहेरची नळी चार बोटांची, १२ पीएसआय सरळ ग्लासात येतं आणि ग्लासात फक्त फेस. मी सहा महिने समजत होतो की माझ्या बिअरमध्ये गॅस जास्त झालाय, आणि दर बॅचला गॅस कमी करत गेलो, शेवटी मिळमिळीत बिअर आणि तरीही फेस. दोष बिअरचा नव्हता, ओतायच्या प्रेशरचा होता.

टॅप पूर्ण उघडा. अर्धा उघडून सावकाश ओतू म्हणाल तर फेस आणखी होतो, गोटी सोड्याची गोटी अर्धी दाबली की कसा अंगावर येतो, तसा. ग्लास तिरका, तोंड टॅपजवळ पण चिकटवून नाही, अर्ध्याहून जास्त भरला की हळूहळू सरळ करा. ग्लास स्वच्छ पाहिजे, तेलकट हाताच्या भज्यांनंतर तोच ग्लास परत भरला की फेस टिकत नाही. पहिला ग्लास फेसाळ येणारच कारण टॅप कोमट असतो. तो स्वतः घ्या, पाहुण्यांना दुसऱ्यापासून.

रात्री सगळे गेले की परत १०-१२ पीएसआय देऊन डायल बंद करा. हे विसरलं की ३ पीएसआयवर बिअर दोन-तीन दिवसांत बसते.

दुसऱ्याच्या घरी नेत असाल तर गाडीच्या डिकीत ठेवा, पुढे पायाशी नाही. बहुतेक राज्यांत गाडीत उघडी दारू बाळगण्याविरुद्ध कायदा आहे आणि टॅप लावलेली केग पोलिसाला समजावत बसणं नको. रस्त्यात हिंदकळते, त्यामुळे पोचल्यावर तासभर तिथल्या फ्रीजमध्ये किंवा बर्फाच्या बादलीत शांत उभी राहू द्या. जुलैच्या उन्हात बंद गाडीत सोडून तर अजिबात जाऊ नका.

१०. बिघडलं तर

नुसता फेस येतोय: आधी केगचं तापमान, मग प्रेशर, मग टॅप पूर्ण उघडलाय का. या तिन्हींत नव्वद टक्के वेळा सापडतं असा माझा अनुभव. न सापडलं तर टॅप सुटा करून धुवा.

काहीच येत नाही: कार्ट्रिज संपलं का बघा. रेग्युलेटरच्या काट्यावर विसंबू नका, तो बाहेर किती प्रेशर जातंय ते सांगतो, कार्ट्रिजमध्ये किती उरलंय ते नाही. गॅस आहे आणि बिअर नाही म्हणजे नळीत पाला किंवा बर्फ. आधी प्रेशर पूर्ण सोडा, मगच झाकण उघडा. आधी प्रेशर. झाकणाचा आटा प्रेशरखाली फिरवायला जड जातो, तो जड लागला की थांबा, ती सूचना आहे, चॅलेंज नाही.

आंबट किंवा लोण्यासारखा वास: आंबटपणा बहुतेक वेळा स्वच्छतेचा दोष, टॅपच्या आत बघा, तिथे जुनी बिअर वाळून बसलेली असते. लोण्याचा वास कधीकधी घाईत गार केल्यामुळेही राहतो, यीस्टला आणखी दोन-तीन दिवस उबेत दिले असते तर त्यानेच तो खाल्ला असता.

११. संपल्यावर, त्याच रात्री

प्रेशर सोडा, झाकण उघडा, गरम पाण्याने खळखळा. उद्या करू म्हटलं की तो उद्या पुढच्या बॅचला येतो. क्लीनरचं पाणी टॅपमधूनही जाऊ द्या, नळी बारीक ब्रशने घासा. रेग्युलेटर पाण्यात बुडवायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा. माझा पहिला रेग्युलेटर मी भांड्यांबरोबर सिंकमध्ये भिजत टाकला होता, काटा अजून ७ वरच अडकलाय.

केग उघडी, उलटी, हवेशीर वाळवा आणि झाकण न लावता ठेवा, लावून ठेवली की आत कोंदट वास धरतो. रिंगा काढून बघा, चिरलेली किंवा चपटी झालेली फेका. जास्तीच्या रिंगा मी जिऱ्याच्या जुन्या डबीत ठेवतो, केगच्या शेजारीच, कारण रिंग तुटते ती नेहमी शनिवारी संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर. फक्त डबी आधी नीट धुवा, पहिल्या खेपेला मी नव्हती धुतली आणि माझी एक ब्लाँड एल जिरा सोडा म्हणून खपली.